येसू कासारणीचं चुकलेलं गाणं

सावरदऱ्याला जायला धड वाट नव्हती, डोंगर उतरून कुणी आलं की सगळा गाव ओट्यावर यायचा, त्या काळातली ही गोष्ट. तेव्हा गावोगाव हिंडून बांगड्या भरणारी एक कासारीण होती. तिचं नाव येसू. डोक्यावर बांगड्यांची दुरडी आणि ओठांवर गाणं.

बांगडी भरताना हात दुखतो. त्या भीतीनं बाई हात आखडते, आणि हात आखडला की काच फुटते. म्हणून येसू आधी विचारायची, "आज घरात काय झालं गं?" बाई सांगायची, दूध उतू गेलं, कोंबडी माळ्यावर जाऊन बसली, नवरा रुसून न जेवताच शेतावर गेला. येसू तिथल्या तिथं त्याचंच गाणं करायची. बाई हसायची, हात सैल पडायचा, आणि बांगडी मनगटावर कधी गेली ते तिला कळायचंही नाही. येसूच्या हातून जन्मात एक काच फुटली नाही, असं म्हणतात.

एका वर्षी ती सावरदऱ्यात आली, तर कोंडाबाई नावाची म्हातारी तिला वेशीवरच भेटली. तिची लहानगी नात ठकू तापानं गेली होती. ठकूची आई सगुणा हिनं त्या दिवशी जमिनीवर हात आपटून सगळ्या बांगड्या फोडल्या. तेव्हापासून ती बोलत नव्हती, जेवायची चिमणीएवढं, आणि कुणी बांगडी भरायला हात धरला की मुठी अशा आवळायची की नखं तळव्यात रुतायची.

"सवाष्णीचा रिकामा हात बघवत नाही गं येसू," कोंडाबाई म्हणाली. "पण पोरीचं नाव काढू नकोस हं. घरात आम्ही कुणीच काढत नाही. सुनेला सोसायचं नाही."

येसू सगुणासमोर बसली. तिनं देवादिकांची गाणी म्हटली, सासर-माहेराची म्हटली. मुठी आणखीच आवळल्या. शेवटी तिनं नेहमीसारखं विचारलं, आज घरात काय झालं? सगुणा भिंतीकडे बघत राहिली. जिथं कुणी काही सांगतच नाही, तिथं गाणं आणायचं कुठून? येसूला स्वतःचाच गळा परका वाटला. पण ती उठून गेली नाही. दुरडी कोपऱ्यात ठेवून त्या घरात राहिली.

सकाळी सगळ्यांच्या आंघोळी उरकल्या, तरी सगुणानं चुलीवर एक छोटी चरवी चढवली. पाणी तापलं तसं तिनं बोट बुडवून पाहिलं. थोडं गार पाणी घातलं, पुन्हा बोट बुडवलं. चरवी न्हाणीत नेऊन ठेवली. थोड्या वेळानं ते पाणी तसंच केळीच्या बुंध्याशी ओतून टाकलं.

"रोज करते," कोंडाबाई हळूच म्हणाली. "आम्ही बघून न बघितल्यासारखं करतो."

येसू सगुणाशेजारी जाऊन बसली आणि गुणगुणू लागली,

*चरवीत पाणी, पाणी झालं ऊन,*
*ठकूबाई आली, पाटावर धावून.*

कोंडाबाईनं कपाळावर हात मारून घेतला. सगुणानं मान वर केली. ती बोलली, आणि तिचा आवाज गंजल्या कडीसारखा करकरला.

"धावून नाही यायची."

"मग?"

"लपायची. कणगीमागं."

येसूनं ओळ बदलली,

*पाणी झालं ऊन, ठकूबाई कुठं?*
*कणगीच्या मागं, दिसे पायाचं बोट.*

"बोट कुठलं? अख्खी दिसायची!" सगुणा म्हणाली, आणि हसता हसता तिला रडू फुटलं. कोंडाबाईनं पदर डोळ्यांना लावला. "मला म्हणायची, आजी, सांगू नकोस हं."

मग सकाळभर त्या तिघी ते गाणं दुरुस्त करत बसल्या. मुठी कधी उघडल्या ते कुणाच्याच ध्यानात आलं नाही. येसूनं हिरव्या बांगड्या भरल्या, तेव्हा गावातल्या सगळ्या बायकांच्या बांगड्या हात न हलवता किणकिणल्या, असं म्हणतात. विधवांच्या मनगटांवर बांगड्या नव्हत्या, पण त्यांनाही आपल्या मनगटाशी तोच नाद ऐकू आला, असंही म्हणतात.

येसू पुढं कुठं गेली, कुठं वारली, कुणाला ठाऊक नाही.

पण सावरदऱ्यात आजही कुणी गेलं आणि दुखवट्याचे दिवस सरले, की शेजारीपाजारी त्या घरी जातात. मोठं काही बोलत नाहीत. गेलेल्या माणसाच्या रोजच्या कुठल्यातरी गोष्टीवर, चहा कसा प्यायचा, चपला कुठं काढायचा, एक ओळ गातात. ती ओळ मुद्दाम चुकीची असते. तिला येसूची ओळ म्हणतात. ती गाऊन सगळे गप्प बसून राहतात, घरातलं कुणीतरी मान वर करून "छे, असं नव्हतं" म्हणेपर्यंत.