वैद्यबुवांची अंघोळ

एकदा एका तरुण वैद्याचे पाण्याशी वाकडे आले, आणि तेही स्वतःच्या चार वर्षांच्या लेकीमुळे. त्याचे नाव त्र्यंबक. गावातल्या वृद्ध वैद्यबुवांच्या हाताखाली बारा वर्षे खलबत्ता चालवून तो नुकताच स्वतंत्रपणे औषधे देऊ लागला होता. घर लहान. न्हाणीला लागूनच माजघर, आणि माजघराच्या जमिनीवर सुपांतून वाळत पडलेली अडुळशाची पाने, गुळवेलीचे तुकडे, आवळकाठी. सावलीत वाळवायच्या औषधांना घरात दुसरी जागाच नव्हती, निदान त्याला तसे वाटत होते.

लेकीचे नाव गोदू, आणि पोर नावाला जागणारी. अंघोळीला बसली की घंगाळातले पाणी अंगावर कमी आणि उंबऱ्याबाहेर जास्त. शिकेकाईने भिंतीवर बोटांच्या रेघोट्या, उपड्या तांब्यावर थापा, आणि शेवटी निथळत्या अंगाने घरभर धाव. आई म्हणे, "पोरच ती, करायचीच." त्र्यंबकाला मात्र ते सोसत नसे. त्या ओलीमुळे दोनदा औषधांना बुरशी आली होती, आणि बुरशी आलेले औषध रोग्याला देता येत नाही, ते उकिरड्यावर जाते.

तिसऱ्यांदा पाणी सुपांखाली शिरले त्या सकाळी तो उठला, गोदूला दंडाला धरून न्हाणीतून ओढून काढले आणि तिच्या पाठीत एक धपाटा घातला.

त्या दिवसापासून पाणी सांडणे बंद झाले. गोदू पाटावर अंग चोरून बसे, आई ओतेल तेवढे पाणी घेई आणि मुकाट्याने उठे. त्र्यंबकाला आधी बरे वाटले. मग त्याच्या ध्यानात आले, की आपण घरी आलो की ती आईच्या पदराआड जाते. तिने 'बाबा' म्हणून हाक मारल्याला आठ दिवस होऊन गेले होते. त्याने खडीसाखरेचा खडा पुढे केला. तिने आईकडे पाहिले आणि घेतला नाही.

तो वैद्यबुवांकडे गेला. "गुरुजी, पोर अंघोळीचे पाणी औषधांत सांडते म्हणून धपाटा घातला. ती वळणावर आली, पण माझ्यापासून तुटली. काही उपाय सांगा."

बुवा खलात मात्रा घोटत होते. घोटता घोटताच म्हणाले, "उद्या सकाळी तुझ्याकडे अंघोळीला येतो. पाणी चांगले तापवून ठेव."

गुरू आपल्या घरी न्हायला येणार, यापरते भाग्य कोणते? त्र्यंबकाने पहाटेच चूल पेटवली. तेल, उटणे, कोरा पंचा, सारे हाताशी ठेवले. बुवा आले, पाटावर बसले आणि पहिलाच तांब्या त्यांनी उंबऱ्यावर ओतला. दुसरा भिंतीवर. मग घंगाळात दोन्ही हातांनी थापा मारू लागले. दारात पंचा धरून उभ्या असलेल्या त्र्यंबकाचे धोतर गुडघ्यापर्यंत भिजले आणि पाणी माजघराकडे निघाले.

म्हाताऱ्याला भ्रम झाला की काय, असे त्याच्या मनात येऊन गेले. पण तोंडाने तो इतकेच म्हणाला, "गुरुजी, आणखी पाणी आणू का?" लगबगीने माजघरात जाऊन त्याने एकेक सूप उचलून भिंतीतल्या फळीवर ठेवले, आणि फडके घेऊन ओणव्याने जमीन पुसली. गोदू पदराआडून हे सारे टक लावून पाहत होती.

बुवा अंग पुसून बाहेर आले. "त्र्यंबका, मी अंघोळ किती वर्षे करतो आहे?"

"सत्तर तरी झाली असतील."

"इतकी वर्षे करून मी आज हा राडा केला, आणि तू आणखी पाणी विचारलेस. या पोरीच्या हाती तांब्या येऊन पुरते वर्षही झाले नाही. बरे, ही फळी आज ठोकलीस का?"

"नाही. पहिल्यापासूनच आहे."

"मग तिच्या वेळी ती का दिसली नाही?"

त्र्यंबकाने फळीवरच्या सुपांकडे पाहिले.

"समोर मोठा माणूस असला, की रागवायची सोय नसते, म्हणून आपल्याला उपाय सुचतो. लहान असले की राग आधी येतो आणि उपाय राहून जातो. पाणी सांडू नये, हे तिला शिकव, शिकवायलाच हवे. त्याला वेळ लागेल. तोवर औषधे उंचावर ठेवणे हे काम तुझे. तू ते तिच्या अंगावर टाकले होतेस." एवढे बोलून बुवांनी वहाणा पायात घातल्या आणि ते गेले.

दुसऱ्या दिवशी त्र्यंबकाने सुपे आधीच फळीवर चढवली आणि गोदूला न्हाऊ घालायला तो स्वतः बसला. ती अंग चोरून पाटावर बसली. त्याने तिच्या हातात एक लहान गडू दिला. तिने गडूकडे पाहिले, मग बापाच्या तोंडाकडे, मग फळीकडे. हळूच गडू भरला, त्याच्या पायांवर ओतला आणि खांदे आवळून थांबली.

तो म्हणाला, "आणखी पाणी आणू का?"

तिने आवळलेले खांदे हळूहळू सैल सोडले. मग म्हणाली, "आणा बाबा. पण कढत नको."

नंतर दोघांनी मिळून जमीन पुसली. तिने पुसलेला भाग ओलाच राहिला होता. तो त्र्यंबकाने ती अंगणात खेळायला गेल्यावर पुन्हा पुसला.