काडीचाही फरक नाही

हे आपण खरंच भर सभेत बोललो, की नंतर घरी जाताना जिन्यात सुचलं, याची संख्याशास्त्राचे निवृत्त प्राध्यापक सुखटणकर यांना कित्येक वर्षं खात्री वाटत नव्हती.

पुण्यातल्या एका सॉफ्टवेअर कंपनीची वार्षिक सभा होती. कंपनीचा सर्वांत कमावता विभाग वेगळा काढायचा, त्याची नवी कंपनी करायची आणि तिचे शेअर बाजारात विकायचे, असा ठराव होता. जुन्या भागधारकांना मात्र नवा शेअर एकही नाही. याच विभागाच्या भरवशावर सुखटणकरांनी आपली पुंजी इथे गुंतवली होती.

आम्हाला नवा शेअर का नाही, हे त्यांनी तिसऱ्यांदा विचारलं, तेव्हा अध्यक्ष घारपुरे वैतागले. “अहो सर, नवी कंपनी जुनीच्या मालकीची, आणि जुनी तुमची! शेअर थेट हातात असला काय, जुनीमार्फत असला काय, काडीचाही फरक नाही!”

“हे इतिवृत्तात लिहून घ्याल?”

“घेऊ की! खुशाल!”

“मग एवढंच करा,” सुखटणकर म्हणाले. “नवीचे जे शेअर तुम्ही संचालकांसाठी राखून ठेवलेत, ते आम्हाला द्या. तुम्ही जुनीमार्फत मालक राहा. फरक नाहीच ना!”

सभागृहात हशा उसळला. ठराव त्या दिवशी मताला आलाच नाही. पुढे आला तो बदलून: चार जुन्या शेअरांमागे एक नवा.

सहा वर्षांनी सुखटणकरांनी इतिवृत्ताची प्रत मागवली. ‘फरक नाहीच ना!’ हा प्रश्न त्यांच्याच नावावर होता. समोर, अध्यक्षांच्या उत्तराच्या रकान्यात, एकच शब्द होता: ‘चहापान’.