नेफ्यात अडकलेली नाडी

फार वर्षांपूर्वी, कपडेसुद्धा आपसांत भांडायचे तेव्हाची ही गोष्ट. शेवंताच्या नव्या बुटानं घरात इंग्रजीचा वर्ग काढला. चप्पल म्हणजे स्लिपर, गाठ म्हणजे नॉट, असं तो सकाळपासून घोकून घेत होता. हूक, बटण, बक्कल सगळे माना डोलवत बसले होते.

त्याच दिवशी शेवंताचा शाळेत नाच होता, आणि धुण्यात तिच्या परकराची नाडी नेफ्यात आत गेली होती. आईच्या बांगडीला अडकवलेली पिन उतरून आली. "चल गं बाई, टोक दे इकडं."

"थांब," नाडी आतून म्हणाली. "मला इंग्रजीत काय म्हणतात ते कळल्याशिवाय मी येणार नाही. सगळ्यांना नावं मिळाली, मीच तेवढी अडाणी."

"थांब, आठवून बघतोय," बूट म्हणाला.

पिनेचं डोकं फिरलं. "अगं भवाने, मला सेफ्टी पिन म्हणतात, ते इंग्रजीच की! म्हणून काय माझं टोक आपोआप आत शिरतं? पोरगी हातानं परकर धरून उभी आहे. तशीच नाचली तर गावासमोर काय होईल? शिक ना, कोण नको म्हणतंय! पण सरकता सरकता शिक."

नाडी वरमली. पिनेनं तिला टोचून धरलं आणि ओढत ओढत बाहेर काढलं. शेवंतानं घट्ट गाठ मारली, पायात बूट घातले आणि शाळेकडं पळत सुटली.

अर्ध्या वाटेत बूट ओरडला, "आठवलं! ड्रॉस्ट्रिंग!"

"नंतर सांग रे," नाडी वरून म्हणाली. "आत्ता मी परकर धरलाय."