आधी जेवण, मग नाव

एक होतं बेट. लांब, पार ग्रीकांच्या मुलखात. चहूकडे समुद्र, मधे नुसते दगड, आणि दगडांत जैतुनाची झाडं. पाय पांघरुणात घ्या बघू, तिथला वारा गार असतो.

त्या बेटावर मेलिता नावाची नवी नवरी आली. माहेर डोंगरातलं. समुद्र तिनं लग्नाच्या दिवशीच पहिल्यांदा पाहिला. नवरा दामोन बुड्या मारून समुद्राच्या तळाचे स्पंज काढायचा. घरात तिसरं माणूस म्हणजे सासूबाई.

सासूबाई रागवत नसत, बरं का. गोष्ट सांगत.

पहिल्या दिवशी मेलिता मागावर बसली नि म्हणाली, "माझ्यासारखं विणणारी आमच्या गावात नाही हं कुणी."

"एक मुलगी असंच म्हणाली होती," सासूबाई म्हणाल्या. "देवीनं तिचा कोळी करून टाकला. ती बघ, आढ्याला विणतेय अजून."

मेलिता मागावरून उठलीच.

दुसऱ्या दिवशी तिनं एका बरणीचं झाकण उचललं.

"एकीनं असंच उचललं होतं, सूनबाई. जगातली सगळी दुखणी बाहेर पडली."

बरणीत नुसती खारवलेली जैतुनं होती. पण मेलितानं झाकण असं काही दाबून बसवलं, की मग ते सासूबाईंनाही उघडेना.

तिसऱ्या दिवशी दामोन पहाटेच होडी घेऊन गेला. दुपार झाली, वारा सुटला, तरी आला नाही. सासरेही असेच एकदा गेले होते, ते आलेच नव्हते. सासूबाई चुलीपाशी बसल्या. गोष्ट सांगू लागल्या.

"एका गावानं भिकाऱ्याला हाकललं. तो निघाला देव! गाव पाण्याखाली गेलं. म्हणून आपल्याकडे पाहुण्याला आधी जेवण, मग नाव. पोट भरण्याआधी आपण विचारायचं नाही, त्यानं सांगायचं नाही. नाहीतर त्या घरचा माणूस समुद्र नेतो."

इतक्यात दारात एक म्हातारा उभा. भिजलेला, धापा टाकणारा.

मग काय! पाय धुवायला पाणी आलं, भाकरी आली, अंजिरं आली. म्हातारा भराभरा गिळू लागला. ताट रिकामं झालं की सासूबाई परत वाढायच्या. देव उपाशी उठला तर? त्यांची नजर सारखी त्याची सावली शोधत होती, देवाला सावली नसते म्हणे. म्हाताऱ्याची नजर समुद्रावर. डोळ्यांत पाणी, आणि घासावर घास.

मेलिता बघत होती. म्हाताऱ्याच्या मनगटाला लाल पट्टा बांधला होता. तो तिनं विणलेला होता, दामोनसाठी.

विचारलं तर समुद्र दामोनला नेणार. नाही विचारलं तर? तिनं सासूबाईंकडे पाहिलं. वाढता वाढता त्या चोरून समुद्राकडे बघत होत्या. मग तिला कळलं. त्या भीती घालत नव्हत्याच. त्यांनाच भीती वाटायची, समुद्राची, आभाळाची, परक्या माणसाची. ती उघड्यावर ठेवणार कुठे? म्हणून गोष्टींत झाकून ठेवली होती.

व्हायचा तर होऊ दे माझा कोळी, असं म्हणून मेलितानं ताट बाजूला ओढलं.

"बाबा, हा पट्टा कुठे मिळाला?"

"अगं सूनबाई!" सासूबाई किंचाळल्या.

म्हाताऱ्याला रडूच फुटलं. "खुणेला त्यानंच दिला! होडी फुटली पोरी! त्याचा पाय खडकात अडकलाय, लाटा चढतायत. मी बोललो असतो तर बुडाला असता ना गं तो!"

सासूबाईंनी आभाळाकडे पाहिलं. वीज पडली नाही. मग त्यांनी कोपऱ्यातली पहार उचलली, आणि बरं का, सगळ्यांच्या पुढे त्याच पळाल्या.

पाणी दामोनच्या हनुवटीला लागलं होतं. तिघांनी पहार घातली. एकदा दाबली, दोनदा दाबली, तिसऱ्यांदा खडक हलला.

संध्याकाळी दामोन चुलीपाशी पाय शेकत बसला. सासूबाईंनी सुरुवात केली, "एक सून होती. तिनं पाहुण्याला जेवता जेवताच विचारलं..."

"मग तिचं काय झालं?" मेलितानं हळूच विचारलं.

सासूबाईंनी चुलीत एक काटकी सारली. "काही नाही. जेवली नि झोपली."

तशी ती सगळी सुखानं राहिली. तिथे अजून पाहुण्याला आधी जेवणच वाढतात. पण पहिला घास उतरला, की सून विचारते, "का आलात?" बरणीचं झाकण मात्र अजून उघडलेलं नाही.

मिटा आता डोळे. आढ्याला कोळी आहे? असू दे. विणू दे तिला.