साळुंकीने चोच मिटली

फार मागे एका वडावर साळुंकीवर आळ आला, की टिटवीची अंडी तिनेच खाल्ली. बारा पंच बसले. बाराही जणांनी दोषी म्हटलं, की तिला वड सोडावा लागणार होता. खुलासा करायला तिची जीभ नुसती वळवळत होती.

"अगं बाई, गप्प बस," तिचे वकील कासवभाऊ म्हणाले. "आळ कावळ्याने घेतलाय, सिद्ध त्यानेच करायचं."

साळुंकीने चोच मिटली.

"बघा, बोलत नाही! चोराच्या मनात चांदणं!" कावळा ओरडला.

"गप्प बसणं म्हणजे कबुली नव्हे, पंचहो," कासवभाऊ म्हणाले.

कुणीच बोलेना, तसं कावळ्याला राहवेना. "अहो, चारही अंडी ताजी! बलक असा घट्ट, जिभेवर नुसता..."

बाराही पंच त्याच्या चोचीकडे बघू लागले.

साळुंकी सुटली, आणि मग जी बोलत सुटली, की कासवभाऊंनी हसत मान आत ओढून घेतली.