अंगठ्याएवढा भंडारा

सन दोन हजार पंधरा, कार्तिक महिना. दिवाळी होऊन आठवडा झाला होता आणि मिरजेत सकाळचं ऊन हवंहवंसं वाटू लागलं होतं.

“…पण चाचा, दर वेळी एकसष्ट टक्क्यांवरच का अडतं?”

बिरू कोळेकरनं हे तिसऱ्यांदा विचारलं. दस्तगीर तांबोळी आपल्या दुकानात बसून चहा पीत होते. त्यांनी बशी संपवली, कप उपडा घातला आणि तेव्हा कुठं मान वर केली.

“काय अडतं?”

“सॉफ्टवेअर. ही मोठी डिस्क आहे, ब्लू-रे, पन्नास जीबीची. ती पंचविसाच्या डिस्कमध्ये बसवायचीय. म्हणजे चित्र नव्यानं दाबून लहान करायचं. सुरू होतं, छान चालतं आणि एकसष्टवर थांबतं.”

“मोठीच लाव की.”

“आमच्या देवळातल्या मशीनला मोठी चालत नाही.”

“हं.”

चाचा बशी पुसू लागले.

बिरूला राग आला. तो पुण्यात कॉम्प्युटर कंपनीत होता. तीन सॉफ्टवेअर त्यानं लावून बघितली होती. नवा ड्राइव्ह घेतला होता. परदेशातल्या जाणत्यांना चुकांची यादी पाठवून सल्ले मागवले होते. आणि आता चौथी शिकलेल्या, लग्नाच्या डिस्क काढून देणाऱ्या म्हाताऱ्यापुढं तो उभा होता. मेहुण्याच्या एका वाक्यावरून. “अक्षता पडताना सगळ्यांच्या डिस्कमध्ये नवरा-नवरीची तोंडं ठोकळे पडून फुटतात. चाचाच्या फुटत नाहीत.”

येत्या शुक्रवारी बिरूच्या वडिलांचं वर्षश्राद्ध होतं.

मायाप्पा कोळेकर म्हणजे करंजवाडीच्या बिरोबाचे ढोलकरी. गेल्या जत्रेत ते शेवटचे वाजवायला उभे राहिले. पुण्याहून आलेल्या कुणी अभ्यासकांनी ते सगळं कॅमेऱ्यात घेतलं. महिन्याभरात मायाप्पा गेले. मग ही डिस्क टपालानं आली. एकच. मूळ चित्रण पुसलं गेलं होतं.

आईचं मागणं लहान होतं. ढोल घुमतात, भंडारा उधळतात आणि त्या पिवळ्या धुरळ्यातून मायाप्पांचं तोंड वर येतं. तेवढं एकदा देवळात बसून, सगळ्या भावकीबरोबर बघायचं.

बिरूनं एकदा ‘चुका सोडून पुढं जा’ असं सॉफ्टवेअरला सांगून डिस्क काढलीही होती. घरी लावली. धुरळ्यातून तोंड वर आलं ते चौकोन चौकोन होऊन.

आई उठून उभी राहिली होती. “ह्यास्नी कुणी काय केलं रं हे?”

ते वाक्य बिरूला पाच दिवस जेवू देत नव्हतं.

“डिस्क बघितलीस?” चाचांनी विचारलं.

“एररची सगळी यादी बघितली. छापून आणलीय.”

“डिस्क.”

“वीस वेळा टाकली असेल ड्राइव्हमध्ये.”

“टाकलीस. बघितलीस का?”

बिरू छापील यादी चाळू लागला.

“मी तंबूत सिनेमा दाखवायचो. जत्रंजत्रंला. रीळ मशीनवर चढवायच्या आधी बोटांतून ओढून बघायचं. अठरा रिळं असली तर अठरा. कुठं कड फाटलीय, कुठं जोड सुटलाय, बोटाला कळतं.”

“चाचा, हे डिजिटल आहे.”

“बोट जुनंच आहे.”

चाचांनी हात पुढं केला. बिरूनं डिस्क दिली. तिला घेऊन ते दारात आले आणि चकचकीत बाजू उन्हात तिरकी धरली.

तिथं पिवळा डाग होता. अंगठ्याएवढा. वाळून घट्ट झालेला.

बिरूनं तो बघितला आणि त्याला सगळं कळलं. डिस्क आली त्या दिवसापासून आईनं ती देव्हाऱ्यात ठेवली होती. दर रविवारी ती बिरोबाला भंडारा वाहायची, मग नवऱ्याच्या फोटोच्या कपाळाला लावायची. फोटोला लावला आणि डिस्कला नाही, असं तिच्या हातून कसं होईल? छापील बाजू तिला पाठ वाटली. चकाकते ती तोंडाची बाजू, असं तिनं धरलं होतं.

“शी! अडाणीपणा नुसता…” म्हणत बिरूनं शर्टाचं टोक पुढं केलं.

चाचांनी त्याचं मनगट धरलं. म्हाताऱ्याच्या हातात जोर होता.

“तिनं डिस्क बघितली. तू नाही.”

बिरूचा हात खाली आला.

चाचांनी कपाटातून धुतलेलं पांढरं फडकं काढलं. एक कोपरा पाण्यानं ओला केला. मधल्या भोकापासून कडेपर्यंत सरळ, हलक्या हातानं पुसलं. गोल फिरवलं नाही. चार वेळा, पाच वेळा. फडक्याचा कोपरा पिवळा झाला.

मग त्यांनी फडक्याची घडी घातली, पिवळं आत घेऊन, आणि बिरूच्या खिशात ठेवली.

“धुवू नको. आईला दे.”

दुकानातल्या मशीनवर काम लागलं. आकडे चढत गेले. एकोणसाठ. साठ. एकसष्ट…

बासष्ट.

“झालं!” बिरू उडालाच. “चाचा, सुटलं! आता मी निघतो, राहिलेलं घरी करतो.”

“बस.”

“आता काय राहिलं?”

“तोंड बघ.”

बिरूनं तोवर झालेलं नवं चित्र लावलं. धुरळा उठला. चौकोन नव्हते, पण तोंड होतं ते पाण्यात बुडाल्यासारखं. नाक कुठं संपतं आणि भंडारा कुठं सुरू होतो, कळत नव्हतं.

“जागा किती दिलीस ह्याला?”

“सगळ्या चित्रांना सारखीच दिलीय. पन्नासाचे पंचवीस करायचे, म्हणजे सगळीकडे निम्मं. गणित बरोबर आहे.”

“गणित बरोबर आहे,” चाचा म्हणाले. “बापाचं तोंड कुठं आहे?”

बिरूनं चित्र मागं नेऊन पुन्हा लावलं.

“चल. पहिल्यापासून बघू.”

“सगळं? अडीच तासांचं आहे चाचा. मला फक्त लहान करायचंय.”

“लहान करायचंय म्हणूनच. सगळं बघितल्याबिगर काय काढायचं ते कसं कळंल?”

दोघं सतरंजीवर बसले. बिरूचा फोन वाजला. चाचांनी तो घेतला, चहाच्या डब्यात टाकला आणि झाकण लावलं.

पडद्यावर रिकामं माळरान आलं. वर आभाळ. बराच वेळ काहीच हललं नाही.

“इथनं काढ.”

मग व्यासपीठ. मग एका पुढाऱ्याचं भाषण. पाच मिनिटं झाली, दहा झाली, वीस झाली.

“हा हलतोय का?” चाचांनी विचारलं.

“ओठ हलतायत.”

“मग ओठापुरतं ठेव. बाकीचं काढ. तसंबी ह्याला कोण बघतंय!”

बिरूला हसू आलं. पाच दिवसांत पहिल्यांदा.

चित्राचे भाग पाडून प्रत्येक भागाला जागेचा वेगळा वाटा देता येतो, हे त्याला ठाऊक होतं. सॉफ्टवेअरमध्ये ते बटण त्यानं शंभर वेळा बघितलं होतं, दाबलं कधी नव्हतं. चाचांना त्या बटणावरचं इंग्रजी नाव वाचता येत नव्हतं. जागा तेवढी पाठ होती. ते काठीनं दाखवत, बिरू लिहून घेई. इथनं काढ… इथनंबी… इथं राहू दे, लेकरं पळतायत.

मग ढोल आले.

झांजांसारखे कैताळ खणखणले. शेकडो हात वर गेले. भंडाऱ्याचा असा लोट उठला की पडद्यावर पिवळ्याशिवाय काही उरलं नाही. कण न् कण वेगळा उडत होता. एक दुसऱ्यासारखा नव्हता.

आणि त्यातून तोंड वर आलं.

चाचांनी काठी खाली ठेवली. उठले. पडद्याजवळ गेले.

“हा मायाप्पा.”

“माझे वडील. तुम्ही… तुम्ही ओळखता त्यांना?”

पडद्यावर मायाप्पा वाजवत राहिले.

“एक्क्याऐंशी साल. तुमच्या करंजवाडीची जत्रा. दिवेलागणीचा खेळ. तंबू गच्च भरला होता आणि मधेच रीळ तुटलं. साधं नाही, पार चिंध्या. लोक उठले. तंबूच्या दोऱ्या कापा म्हणाले. माझी बायको पोटुशी, मशीनमागं बसलेली. मालक पळून गेला.”

“मग?”

“पहिल्या रांगेत एक तरणा पोरगा होता. मांडीवर ढोल. तो पडद्यापुढं जाऊन उभा राहिला. मला म्हणाला, ‘रीळ जोडलं की सांगा. तवर ह्यांना मी बसवतो.’”

“वाजवलं त्यांनी?”

“तासभर. एक माणूस उठला नाही. मी मागं बसून जोड देत होतो, त्या ठेक्यावर हात चालले. रीळ जोडलं, मशीन सुरू केलं, त्याला सांगायचं राहिलं. खेळ संपल्यावर त्याला शोधायला बाहेर आलो… मेंढरं घेऊन पुढं गेलेला. नाव तेवढं गावात कळलं, मायाप्पा.”

“बाबा कधी बोलले नाहीत हे.”

“कशाला बोलंल? त्याला काय झालं होतं? झालं होतं ते मला.”

बिरूनं मान खाली घातली. सकाळी उंबऱ्यावर उभं राहून आपण या माणसाकडं कसं बघितलं होतं, ते त्याला आठवलं.

“चाचा, वाटा किती देऊ? धुरळ्याच्या भागाला?”

“बाकीच्यातनं काढलंय ते सगळं ह्याला.”

“सगळं? मग भाषण पार फुटेल.”

“फुटू दे.”

दुपार कलताना डिस्क निघाली. चाचांनी ती दारात नेऊन दोन्ही बाजूंनी उन्हात धरली. मग बिरूच्या हातात दिली. बिरूनंही ती दोन्ही बाजूंनी उन्हात धरली.

चाचांनी चहा मागवला. दोन कप.

शुक्रवारी देवळात भावकी बसली. पुढाऱ्याचं भाषण आलं आणि त्याचं तोंड पिठल्यासारखं झालं. माणसं खुसखुसली. कुणीतरी म्हणालं, “हुबेहूब आलाय!”

मग ढोल आले. भंडारा उठला. तोंड वर आलं. कपाळावरची शीर दिसत होती. मिशीत अडकलेला भंडारा दिसत होता.

कमरेला खोचलेलं पांढरं फडकं काढून आईनं पिवळा कोपरा कपाळाला लावला. मग पडद्याकडं बघून, घरात कुणी आल्यावर करते तसा, पदर डोक्यावर ओढून घेतला.

शनिवारी सकाळी बिरू मिरजेला आला. काखेत घोंगडं होतं, आईनं कातलेल्या लोकरीचं, काळंभोर. चाचा दुकान झाडत होते. बिरूनं चपला उंबऱ्याबाहेर काढल्या, आत आला आणि आयुष्यात पहिल्यांदा कुणी न सांगता पाया पडायला वाकला.

“आईनं दिलंय. आणि विचारलंय, तुमचं आम्ही कसं फेडायचं?”

चाचांनी घोंगडं हातात घेतलं. लोकरीवरून बोटं फिरवली, एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत, सावकाश. मग ते उलगडून बिरूच्याच खांद्यावर टाकलं.

“तुझ्या बापाचा फोटो आहे ना घरात?”

“आहे.”

“त्याच्यापुढं उभा राहा.”

“बरं.”

“म्हणावं, रीळ जोडलं.”