गुणाजीने चोरी संपवली

एका गावात एक भोळा गडी होता. नाव गुणाजी. हर्षदाताईंच्या कंपनीत कामाला होता. कंपनी म्हणजे दोन टेबलं आणि एक कुरकुरणारा पंखा. शाळांचं वेळापत्रक लावून देणारा प्रोग्राम ताईंनी बनवला होता. एका शाळेने तो विकत घ्यायचा आणि अख्ख्या तालुक्याने फुकट उतरवून घ्यायचा, असं चाललेलं. या जूनमध्ये विक्री झाली नाही, तर कंपनी बंद. ताई नुसती कडी वाजली तरी दचकत.

त्या म्हणाल्या, "गुणाजी, जरा संशय घ्यायला शिक. आधी पुरावा माग."

"बरं ताई."

दुसऱ्या दिवशी गावच्या शाळेच्या मुख्याध्यापिका सोनटक्केबाई प्रोग्रामचे पैसे घेऊन आल्या. गुणाजीने दारातच अडवलं.

"मुख्याध्यापिका कशावरून?"

"अरे, तुला मीच शिकवलंय!"

"ते तुम्ही म्हणताय. पुरावा?"

बाई तरातरा निघून गेल्या.

ताईंनी कपाळावर हात मारला. "अरे, आलेल्या माणसाशी गोड बोलावं! चहा पाजावा. मागेल ते द्यावं."

"मग आधी सांगायचं ना!"

मग आला मोबाइलवाला बबन्या. ताईंच्या प्रोग्रामच्या चोरट्या कॉप्या पेनड्राइव्हवर भरून विकायचा. गुणाजीने चहा पाजला.

"काय देऊ, बबनशेठ?"

"नवीन प्रोग्राम आलाय म्हणे."

"बाजारात यायचाय अजून. पण तुम्ही घ्या की!"

ताई रडायच्या बेतात आल्या. "गाढवा, चोर तो! चोर दिसला की पोलीस बोलवायचे!"

"बरं ताई."

पुढे एक तरुण मास्तर आले. ओशाळून म्हणाले, "आमच्या शाळेत चोरीची कॉपी आहे हो. पैसे भरायला आलोय."

गुणाजीने बाहेरून कडी घातली आणि पोलीस बोलावले.

मास्तरांची माफी मागून ताईंचा घसा बसला. "अरे, चुकलो म्हणणाऱ्याला माफ करावं. कॉपीवर आपला शिक्का मारून ती अस्सल करून द्यावी. कळलं?"

"आत्ता कळलं."

आठवड्याभरात पोलिसांनी बबन्याला पेनड्राइव्हच्या पोत्यासकट पकडलं. फौजदारांनी निरोप धाडला, "माल चोरीचा आहे एवढं कुणी येऊन सांगा, याला आत टाकतो." ताईंना देव पावल्यासारखं झालं. पण त्यांचा आवाजच फुटत नव्हता. त्यांनी गुणाजीला पाठवलं.

गुणाजीला बघताच बबन्याने हंबरडा फोडला. "चुकलो रे दादा!"

गुणाजी संध्याकाळी परतला. बोटं शाईने निळी झालेली.

"ताई, चोरी संपली! तालुक्यात चोरीची एक कॉपी उरली नाही."

"जाळल्या?" ताईंनी घोगऱ्या आवाजात विचारलं.

"छे! सगळ्या अस्सल करून दिल्या. शाई कमी पडली, ती फौजदारांनी दिली."